मिनर्व्हाचे अर्धे तिकीट

ठाण्याच्या तळ्याकाठी असलेल्या आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपली की काही वडीलधारी मंडळी लगेच घरी जात नाहीत. आवारातील झाडाखाली त्यांचा एक लहानसा कट्टा जमतो. प्रथम प्रकृतीच्या चौकश्या होतात, मग कोणाच्या मुलीचे लग्न ठरले याची वार्ता येते, आणि मग हमखास विषय निघतो तो जुन्या दिवसांचा. त्यातही एक नाव वारंवार ऐकू येते, ते म्हणजे लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा चित्रपटगृहाचे. 'शोले' आपण तेथे पहिल्याच दिवशी पाहिला, असे सांगणारे निदान पाच जण तरी त्या कट्ट्यावर आम्हांस भेटले आहेत. डोंबिवलीला एका लग्नात आणखी तिघे भेटले, कल्याणला एका मयतीच्या वेळी दोघे. प्रत्येकाच्या मुद्रेवर एकच अभिमान होता, आणि त्यांच्यापैकी कोणीही लबाड माणूस नव्हता.

तथापि इतिहासाची थोडीफार आवड असणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी एक हिशेब सुरू होतो. मिनर्व्हात सुमारे दीड हजार प्रेक्षक बसत. 'शोले' प्रदर्शित झाला तो दिवस १५ ऑगस्ट १९७५, वार शुक्रवार. मुंबईतील, ठाण्यातील आणि कल्याणपर्यंतच्या साऱ्या उपनगरांतील ज्या ज्या लोकांनी पहिल्या दिवशी तेथे हजेरी लावल्याचे आजवर सांगितले, ते सारे एकत्र केले तर एक काय, दहा मिनर्व्हा अपुरी पडतील. शिवाय आमच्या मंडळींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १५ ऑगस्ट हा जसा स्वातंत्र्यदिन, तसाच तो मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. मिस्सा चुकवू नये असा हा दिवस. त्या काळच्या आमच्या घरांतून या सणाला चित्रपटास जाण्याची भाषा कोणी काढली असती, तर त्याचे काय झाले असते हे आमच्या पिढीस सांगावयास नको. एकदा आम्ही भीत भीत हा मुद्दा कट्ट्यावर मांडला. क्षणभर शांतता पसरली. मग एक आजोबा हसून म्हणाले, "अहो, सगळेच जर मिनर्व्हात होते, तर त्या दिवशी मिस्साला कोण होतं?"

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांना विचारला खरा, पण त्याचे उत्तर आमच्याच घरी द्यावे लागेल याची तेव्हा कल्पना नव्हती. आमचे वडीलही आयुष्यभर हेच सांगत आले होते की, आपण सर्वांनी 'शोले' पहिल्या आठवड्यात पाहिला. आम्ही स्वतः ही गोष्ट मित्रांना सांगितली होती, पुढे आमच्या मुलांनाही सांगितली. आई मात्र या विषयावर काही बोलत नसे. ती नुसती हसत असे. तिच्या निधनानंतर तिचे जुने प्रार्थनापुस्तक चाळताना मरियामातेच्या लितानीच्या पानांत खुणेसाठी ठेवलेला कागदाचा एक कपटा सापडला. ते मिनर्व्हाचे अर्धे फाडलेले तिकीट होते. कागद पिवळा पडला होता आणि जांभळ्या शिक्क्यातील वर्ष पुसून गेले होते. महिन्याचे नाव मात्र लागत होते, ते मे. आणि त्याखाली स्पष्ट छापलेला एक शब्द होता, 'मॅटिनी'.

त्या एका शब्दाने आम्हांस पुढील सारे टिपण लिहावयास लावले.

गिरगावचा वारसा

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील अनेक कॅथॉलिक कुटुंबे मूळची तेथील नव्हेत. ठाण्यातील ईस्ट इंडियन घराणी अर्थातच जुनी. पण त्यांच्या शेजारी येऊन वसलेली कोणी वसईकडची, कोणी अहमदनगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली, तर कोणी गिरगाव, माझगाव आणि भायखळ्याच्या चाळींतून जागेच्या अडचणीपायी बाहेर पडलेली. आमचे कुटुंब या शेवटच्या प्रकारातले. चाळीतील एका खोलीत दोन भावांचे संसार मावेनात, तेव्हा वडिलांनी ठाण्यात भाड्याने जागा घेतली. वागळे इस्टेटीत त्यांना काम मिळाले होते. मन मात्र बरीच वर्षे गिरगावातच होते. चांगली मासळी गिरगावात, चांगला शिंपी गिरगावात, आणि चित्रपट पाहावा तर तोही तिकडेच, अशी त्यांची ठाम समजूत होती.

ही समजूत अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. ल्युमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात प्रथम दाखविली गेली, हे सर्वश्रुत आहे. पण आपल्या चित्रपटाचा जन्म खऱ्या अर्थाने झाला तो गिरगावात, आणि त्या जन्माशी आपल्या प्रभूचे नाव जोडलेले आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्या ध्यासातून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातीलच कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांपुढे आला. पुढे १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला तोही गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये.

यांतील एकही चित्रपटगृह आज उभे नाही. ज्या जागी भारतीय माणसाने आपला पहिला चित्रपट पाहिला आणि ज्या जागी पडद्यावरील माणूस प्रथम आपल्या भाषेत बोलला, त्या दोन्ही जागा आपण जपल्या नाहीत. मिनर्व्हाच्या नाहीशा होण्याचा विचार या मालिकेत करावयास हवा. आपण पडद्यावरील माणसांची छायाचित्रे घरोघरी लावतो, पण पडदा ज्या भिंतीवर होता ती भिंत पडली तर आपणांस त्याचे फारसे काही वाटत नाही.

ठाण्याहून ग्रँट रोड

गिरगावच्या उत्तरेस ग्रँट रोड स्थानक, आणि त्याच्या पूर्वेस लॅमिंग्टन रोड. मुंबईचे एके काळचे राज्यपाल लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाच्या या रस्त्यास पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास चित्रपटगृहांची दाटी होती. मिनर्व्हा, नाझ, अप्सरा, इंपीरियल, स्वस्तिक, नॉव्हेल्टी ही सारी नावे चालत जाण्याच्या अंतरात होती. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. कोणता चित्रपट कोठे लागावयाचा, याचे निर्णय त्या जिन्यांवर होत असत.

ठाण्यास किंवा डोंबिवलीस चित्रपटगृहे नव्हती असे नव्हे. त्या काळात वा त्यानंतरच्या वर्षांत ठाण्यात गणेश, अशोक, प्रभात, वंदना, मल्हार, आनंद, तर डोंबिवलीत टिळक, गोपी, पूजा, मधुबन ही नावे घरोघर ठाऊक होती. रोजची भूक तेथे भागत असे. पण मिनर्व्हाला जाणे ही वेगळी गोष्ट होती. तो एक प्रवास होता, आणि आमच्यासारख्या घरांसाठी तर तो माहेरचा प्रवास होता. ठाण्याहून दादर, तेथे पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर, आणि मग एल्फिन्स्टन रोड, लोअर परळ, महालक्ष्मी, बॉम्बे सेंट्रल असे एकेक स्थानक मागे टाकीत ग्रँट रोड. वाटेत गिरण्यांची धुराडी दिसत. त्यांतून तेव्हा धूर निघत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांतील कितीतरी कायमची विझली. कल्याणच्या माणसास मुंबईचे अखेरचे स्थानक सुमारे चोपन्न किलोमीटर पडते. तीन तासांच्या चित्रपटासाठी जाऊन येऊन तितकाच वेळ गाडीत घालविण्यास ही माणसे तयार होती, यावरूनच त्या पडद्याची ओढ ध्यानी यावी.

आईने त्या दिवशी पहाटे उठून पोळ्या केल्या होत्या आणि डबा पिशवीत घातला होता, कारण चित्रपटगृहातील खाणे महाग असते हे तिला ऐकून ठाऊक होते. निघण्यापूर्वी तिने वेदीपुढे मेणबत्ती लावली. वडील म्हणाले, "अगं, आपण पिक्चरला चाललोय, तीर्थयात्रेला नाही." त्यावर ती म्हणाली, "गाडीचा प्रवास आहे हो, पोरं बरोबर आहेत." धाकट्या भावास मधल्या काळात भूक लागेल, म्हणून तिने खडीसाखरही बरोबर घेतली होती. या गोष्टी आम्हांस चित्रपटातील प्रसंगांइतक्याच लख्ख आठवतात. आठवत नव्हते ते केवळ वर्ष.

मोठ्या पडद्याची जादू

मिनर्व्हाचे वैशिष्ट्य होते ते सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि सहा पट्ट्यांचा ध्वनी. हे शब्द तेव्हा जाहिरातींतून सर्वांच्या कानी पडले होते, पण त्यांचा अर्थ थोड्यांनाच ठाऊक होता. साधारण चित्रपटाची फीत पस्तीस मिलिमीटर रुंद असे. सत्तर मिलिमीटरची फीत त्याच्या दुप्पट रुंद. त्यामुळे चित्र कितीही मोठे करून दाखविले तरी ते फिके वा दाणेदार होत नसे. त्या फितीच्या कडांवर ध्वनिमुद्रणाच्या चुंबकीय पट्ट्या असत. पाच पट्ट्यांचा आवाज पडद्यामागील निरनिराळ्या ध्वनिक्षेपकांतून येई आणि सहाव्या पट्टीचा प्रेक्षागाराच्या भिंतींवरून. 'शोले'चे मूळ चित्रण पस्तीस मिलिमीटरवरच झाले होते. नंतर ते मोठ्या फितीवर उतरविण्यात आले आणि ध्वनीचे अखेरचे संस्कार लंडनमध्ये करण्यात आले. ज्या चित्रपटगृहांत ही मोठी यंत्रे नव्हती, तेथे लहान फितीच्या प्रती गेल्या. म्हणजे एकाच नावाचे दोन 'शोले' होते, आणि त्यांतला मोठा पाहावयाचा तर ठाणेकरास मिनर्व्हाची वाट धरावी लागे.

एक गमतीची आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. पडद्यावर नाणे उडवून खाली पडले की त्याचा खणखणाट प्रेक्षागारात असा घुमे, की लोक वाकून खुर्च्यांखाली पाहत. आमच्या कट्ट्यावरील प्रत्येकाने असे वाकणारे कोणीतरी शेजारी पाहिलेले आहे. स्वतः वाकलो होतो असे मात्र आजवर कोणी कबूल केलेले नाही. आमच्यापुरते सांगावयाचे तर आम्ही वाकलो नाही, पण आगगाडीच्या प्रसंगी घोड्यांच्या टापा आमच्या पाठीमागून आल्या, आणि धाकट्या भावाने मान वळवून मागे पाहिले, हे खरे आहे.

दिवे मालवण्याची रीतही सांगावयास हवी. ते एकदम विझत नसत. हळूहळू मंदावत जात. प्रथम वृत्तपट, मग फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट. तोवर बॅटरी घेतलेला डोअरकीपर उशिरा आलेल्यांना जागा दाखवीत असे. त्या अंधारात आमच्या एका बाजूस सराफकट्ट्यावरील वाटावे असे एक मारवाडी गृहस्थ होते, दुसऱ्या बाजूस बुरखा घेतलेल्या दोन बायका, पुढच्या रांगेत गिरणी कामगारांचा एक घोळका. घोळका प्रत्येक संवाद नटाच्या आधी म्हणत होता. बुरख्यातील एक बाई आईला कुजबुजून म्हणाल्या, "अब देखना, अब वो मरेगा." आईने घाईघाईने डोळे मिटले, आणि मग एक डोळा किंचित उघडला.

नोंद काय सांगते

आता तिकिटाकडे वळू. 'शोले'चा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे, आणि तो लोकांच्या स्मरणाशी पुरता जुळत नाही. पहिली गोष्ट ही की, आरंभीच्या दिवसांत हा चित्रपट यशस्वी मानला गेलाच नव्हता. समीक्षकांनी नाके मुरडली, व्यापारातील जाणत्यांनी तो बुडाला असे ठरविले. चिंतातुर निर्माता-दिग्दर्शकांनी जयच्या मृत्यूचा शेवट बदलून तो पुन्हा चित्रित करावा काय, याचाही विचार केला होता. सोमवारपर्यंत वाट पाहू असे ठरले, आणि तो विचार मागे पडला. लोक चित्रपट पाहून गप्प बाहेर पडत, कारण ते भारावलेले असत, हे पुढे उमगले. मग संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली, हॉटेलांतून आणि गणेशोत्सवांतून गब्बरचा आवाज घुमू लागला, आणि गर्दीला खळ राहिला नाही.

दुसरी गोष्ट, लोकांनी पाहिलेला शेवट हा रचलेला मूळ शेवट नव्हता. मूळ चित्रपटात ठाकूर आपल्या पायांनी गब्बरचा अंत करतो. पण ते आणीबाणीचे दिवस होते. २५ जून १९७५ नंतर दोन महिनेही झाले नव्हते. सूड घेणाऱ्या माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला सेन्सॉरला रुचला नाही. म्हणून अखेरच्या क्षणी पोलीस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात, असे दृश्य घालावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या आपण जे पाठ केले, ते हे बदललेले रूप.

तिसरी गोष्ट आमच्या घरापुरती निर्णायक ठरली. मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्यांतली पहिली तीन वर्षे तो रोजच्या नियमित खेळांत होता, आणि त्यानंतरची सुमारे दोन वर्षे मॅटिनीला. म्हणजे ज्या तिकिटावर मॅटिनी हा शब्द आहे, ते ऑगस्ट १९७८ च्या आधीचे असण्याचा संभव नाही. महिना मे. तेव्हा आम्ही 'शोले' पाहिला तो १९७९ च्या किंवा १९८० च्या मे महिन्याच्या सुटीत. पहिल्या दिवशी नव्हे, पहिल्या आठवड्यात नव्हे, तर चौथ्या किंवा पाचव्या वर्षी.

हे ध्यानी आल्यावर प्रथम आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. आमचे सत्यवचनी वडील इतकी वर्षे चुकीचे सांगत होते, आणि आम्हीही. पण जसजसा विचार केला तसतसे दिसू लागले की, खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा अधिक मोलाची आहे. उपनगरातील साध्या घरातली गृहिणी पहिल्या दिवशी मिनर्व्हात जाऊच शकत नव्हती. पहिल्या दिवशीची तिकिटे काळ्या बाजारात होती. रात्रीचा खेळ सुटून शेवटची लोकल गाठणे मुलाबाळांच्या बाईस जमणारे नव्हते. सहाच्या खेळास जावे तर रात्रीचा स्वयंपाक आणि घरातील रोझरी यांचे काय? मॅटिनी मात्र तिच्या दिवसात बसत होती. सकाळी निघावे, दुपार उलटता उलटता मोकळे व्हावे, आणि दिवेलागणीस ठाण्याच्या घरी परतून गुडघे टेकावेत. एखादा चित्रपट पाच वर्षे एका जागी टिकून राहिला, म्हणून आमची आई तेथपर्यंत पोहोचू शकली. मिनर्व्हाच्या विक्रमाविषयी आजवर बरेच लिहिले गेले. पण तो विक्रम ज्यांनी घडविला, त्यांत मागाहून, फुरसतीने, डबा घेऊन आलेल्या अशा कितीतरी बाया होत्या, ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत आली नाही.

संवाद पाठ होते, कोण मरणार हे ठाऊक होते, शेवट ठाऊक होता. तरीही माणसे जात होती. आपण पुन्हा पुन्हा ऐकलेले शुभवर्तमान दर रविवारी नव्याने ऐकतो, त्याची येथे आठवण होते. तुलना पवित्र गोष्टीशी करीत नाही. एवढेच सुचवावयाचे आहे की, ठाऊक असलेली कथा चारचौघांत बसून ऐकण्याची माणसाची भूक फार जुनी आहे.

घरचा धाक आणि ख्रिस्तसभेचा शब्द

त्या काळी आपल्या घरांतून चित्रपटाविषयी एक धाक होता, हे नव्या पिढीस सांगावयास हवे. उपवासकाळात चित्रपट वर्ज्य. इतर वेळीही कोणता पाहावा याची चौकशी होई. अकरावे पायस यांनी १९३६ साली 'व्हिजिलांती कुरा' हे परिपत्र खास चित्रपटाविषयी काढले होते आणि त्याच्या परिणामांबद्दल सावध केले होते. त्याच परिपत्रात चांगल्या चित्रपटाच्या सामर्थ्याची थोरवीही सांगितली होती. आमच्या घरी त्यातील सावधगिरी तेवढी पोहोचली, थोरवी वाटेतच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांवर 'इंतर मिरिफिका' हा स्वतंत्र हुकूमनामा दिला, आणि मग हळूहळू धर्मग्रामांच्या सभागृहांतही पांढऱ्या चादरीवर चित्रे हलू लागली.

आणखी एक अवघडलेपण होते. हिंदी चित्रपटात आपली माणसे येत ती बहुधा ठराविक साच्यात. १९७३ च्या 'बॉबी'तील बापाच्या हाती बाटली असे, १९७५ च्या 'ज्यूली'तील मुलगी फ्रॉकमुळेच की काय वाट चुके. घरची मंडळी असे चित्रपट एकत्र पाहताना खाली मान घालीत. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला आणि अँथनीने लोकांस जिंकले, तेव्हा आमच्या वाडीतील पोरे छाती काढून फिरली, जरी त्याच्या हातीही बाटली होतीच. 'शोले'त आपला असा कोणी नव्हता. कदाचित म्हणूनच आमच्या आईस तो निश्चिंत मनाने पाहता आला. परत येताना गाडीत वडिलांनी विचारले, "कसा वाटला?" ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्या इमामाचं फार वाईट वाटलं." त्या साऱ्या गोळीबारात तिने निवडले ते एका बापाचे दुःख, ज्याचा मुलगा मारला गेला होता आणि जो तरीही नमाजास निघाला होता.

पडदा मिटला

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८२ पासून रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली, नव्वदच्या दशकात केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून ताणल्या गेल्या. १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत दादरचे प्लाझा चित्रपटगृहही सापडले, आणि शहरात चित्रपटास जाण्यातील निर्धास्तपणा त्या दिवशी काही अंशी संपला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनेक पडद्यांची वातानुकूलित संकुले उभी राहिली. शासनाने त्यांना करमणूक करात सवलत दिली. दीड हजार खुर्च्यांचे एक घर भरण्यापेक्षा दोनशे-तीनशे खुर्च्यांची चार घरे भरणे व्यापारास सोयीचे ठरले. दक्षिण मुंबईतील जमीन सोन्याच्या मोलाची झाली होती. मिनर्व्हा बंद झाले आणि पाडले गेले. ज्या 'शोले'च्या मुक्कामाचा विक्रम तेथे घडला होता, तो विक्रमही पुढे मराठा मंदिरात २० ऑक्टोबर १९९५ पासून लागलेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'ने मोडला.

सर्वच जुन्या वास्तूंचे असे झाले असे मात्र नाही. १९९३ साली बंद पडलेले गिरगावचे रॉयल ऑपेरा हाउस काळजीपूर्वक दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. इच्छा आणि ऐपत एकत्र आली तर वास्तू वाचते. जेथे ती वाचत नाही, तेथे कधी कधी नाव तरी उरते. आजही ठाण्यात एस.टी.च्या थांब्यावर उतरणारा उतारू वंदनाचे नाव घेतो, डोंबिवलीच्या पश्चिमेस गोपीचे नाव पत्त्यात लिहिले जाते. मिनर्व्हास तेवढेही भाग्य लाभले नाही.

याउलट चित्रपटाचे नशीब पाहा. 'शोले'ची सत्तर मिलिमीटरची एकही मूळ प्रत शिल्लक राहिली नव्हती. तरी जाणकारांनी शोध घेतला, इंग्लंडमधील एका गोदामात जपलेल्या फिती मिळविल्या, खराब झालेली चौकट न् चौकट साफ केली, आणि २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे तो चित्रपट पन्नास वर्षांपूर्वी कापलेल्या मूळ शेवटासह पुन्हा दाखविला गेला. म्हणजे चित्रपट त्याच्या खऱ्या रूपात परत आला. पण ज्या घरात आपण तो पाहिला, ते घर कोणत्याही गोदामात सापडणार नाही. त्याची प्रत कोठे असेल तर ती आपल्या वृद्ध माणसांच्या स्मरणात, आणि त्या प्रतीवरही बरेच डाग पडले आहेत, हे आमच्या घरच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरातील आजी-आजोबांना विचारा, कोणता चित्रपट कोठे पाहिला, कोणाबरोबर गेलात, गाडी कोणती पकडलीत, डब्यात काय होते. ते तारीख चुकतील, वर्ष चुकतील, कदाचित पहिल्याच दिवशी पाहिला म्हणून सांगतील. त्यांना लगेच खोडून काढू नका. आधी सारे लिहून घ्या. मग जुनी पुस्तके, पेट्या, फोटोंच्या मागच्या बाजू तपासा. स्मरण आणि कागद एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे जे दिसते तो इतिहास, आणि तो बहुधा बढाईपेक्षा अधिक मायेचा असतो.

वडिलांना आम्ही ते तिकीट दाखविले. चष्मा लावून त्यांनी ते बराच वेळ निरखले. "मॅटिनी," असे ते पुटपुटले. मग म्हणाले, "तुझ्या आईला घेऊन जायचं म्हणून मी थांबलो होतो. तिला रात्रीचं जमत नसे." म्हणजे इतकी वर्षे ते जी गोष्ट सांगत होते, तिच्यापेक्षा न सांगितलेली गोष्ट मोठी होती. ठाण्याहून तासाभराच्या अंतरावर सारी मुंबई जो चित्रपट पाहण्यासाठी रांगा लावीत होती, त्यासाठी हा माणूस चार वर्षे थांबला होता.

ते अर्धे तिकीट आम्ही पुन्हा लितानीच्या पानांत ठेवले आहे.